टॅटू बामची डबी: पाच महिने वापरून झाल्यावर

मागच्या रविवारी बडोद्याहून मावसबहिणीचा फोन आला. "ताई, शनिवारी टॅटू काढतेय. तू मागवला होतास ना, तो डबीतला बाम मीही मागवलाय." म्हटलं, आधी ऑर्डर कॅन्सल कर, मग बोलू. पाऊण तास बोलणं झालं तरी निम्मं राहिलंच. म्हणून आता पहिल्या दिवसापासूनचं सलग लिहिते. तिच्यासाठी, आणि नवा टॅटू घेऊन ‘याला आता लावू काय’ या विचारात बसलेल्या प्रत्येकासाठी.

माझा टॅटू डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटं वर. तुळशीवृंदावन. आजीच्या हातावर आहे तेच. तिला नवव्या वर्षी जत्रेत गोंदलं होतं. आता ती चौऱ्याऐंशीची आहे, रेषा पसरून हिरवट-निळ्या झाल्यात. आर्टिस्टने तिच्या हाताचा फोटो घेतला आणि त्यातून मूळ रेषा शोधून काढल्या. वर पाच पानं, प्रत्येक पानाची रेषा केसाएवढी बारीक. तारीख मिळाली ती रंगपंचमीच्या बरोबर अठरा दिवस आधीची. रंगपंचमीला जिथे रस्त्यावर रंगांची मिरवणूक, म्हणजे गेर, निघते त्या इंदूरच्या माणसाने ही तारीख घेऊ नये, पण आर्टिस्टकडे तीच मोकळी होती.

बाम मी आधीच ऑनलाइन मागवून ठेवला होता. ३० ग्रॅमची डबी, ७४९ रुपये. म्हणजे ग्रॅमला पंचवीस रुपये. आत शिया बटर, मधमाशांचं मेण, खोबरेल, लॅव्हेंडर आणि टी ट्रीचं तेल. वर लिहिलेलं, ‘खास नव्या टॅटूसाठी’. आयुष्यभर हातावर राहणाऱ्या गोष्टीसाठी काटकसर नको असं मनाशी ठरवून पैसे भरले.

स्टुडिओतून निघताना वरून पारदर्शक चिकट फिल्म लावून दिली होती. चोवीस तासांनी ती काढली तेव्हा खाली काळपट पाणी साठलेलं. ते पाहून घाबरायचं कारण नाही, प्लाझ्मा आणि वरची जादा शाई असते ती. फिल्म मात्र वर उचलून ओढायची नाही. कोमट पाण्याखाली हात धरून, कातडीला समांतर ताणत काढायची. धुण्याचंही एक सांगते. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मधल्या दिवशी बोअरिंग. बोअरिंगच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि त्याचा बुळबुळीत थर मागे राहतो. म्हणून टॅटूसाठी नर्मदेचं पाणी गाळून, उकळून, झाकून ठेवत होते. बिनवासाचा सौम्य साबण, स्वच्छ हाताचा तळवा, आणि पुसायला टॉवेल नाही, कागदी रुमाल. तोही घासायचा नाही, टिपायचा.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसापर्यंत बामवर मी अगदी खूश होते. कातडी उन्हात भाजल्यासारखी ताणलेली, आग होत होती. बाम लावला की दोन मिनिटांत थंड. वासही छान. तिसऱ्या दिवशी रात्री मी ऑनलाइन पाच तारे देऊन आले. ते नंतर काढले.

आता डबीबद्दल. याबद्दल मी घरात इतकं बोलले आहे की नवरा म्हणतो, बस झालं, पण मला हे सांगायचंच आहे. चपटी ॲल्युमिनियमची डबी, वर आट्यांचं झाकण. एक हात टॅटूचा, तो दाबायचा नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांना बाम लागलेला, त्यामुळे झाकण सटकतं. पोटाशी धरून फिरवावं लागतं. बरं, उघडली. आता आत बोट घालायचं. सगळे सांगतात हात धुवा, नवा टॅटू ही उघडी जखम आहे. आणि त्याच जखमेचं मलम अशा डबीत भरतात की दिवसातून पाच वेळा बोट डबीत, डबीतून जखमेवर, जखमेवरून पुन्हा डबीत. नखात साठतो तो वेगळाच. स्टुडिओत आर्टिस्ट साधं व्हॅसलिनसुद्धा लाकडी काडीने काढतो आणि काडी फेकून देतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. शिवाय लॅव्हेंडरच्या तेलातला वासाचा घटक हवा लागून बदलत जातो, आणि ज्यांची कातडी नाजूक त्यांना या बदललेल्या घटकाची ॲलर्जी होऊ शकते. मग इतक्या रुंद तोंडाची डबी कशाला?

पण खरं नुकसान वेगळंच. सकाळी गारव्यात बाम दगडासारखा. नखाने खरवडला की एकदम मोठा गोळा निघायचा. जखमेला लागलेलं बोट, तो गोळा परत आत कसा टाकणार? आणि पंचवीस रुपयांचा ग्रॅम पुसून तरी कसा टाकणार? म्हणून सगळाच हातावर. दुपारी तोच बाम इतका मऊ की बोट लावताच जास्त यायचा. पाच महिन्यांत एकदाही मला हवा तेवढाच बाम त्या डबीतून निघालेला नाही. ट्यूब दिली असती तर पुढचं काही झालंच नसतं, असं मला आजही वाटतं.

सहाव्या दिवशी सकाळी उठले तर कुर्त्याची बाही हाताला चिकटलेली. हळूच पाणी मारून सोडवली. खाली सगळा भाग भिजून पांढरट पडलेला, जसं धुणं धुतल्यावर बोटांची टोकं होतात तसा. कातडी सुटायला सुरुवात झाली होती. ती कोरडी असती तर कांद्याच्या सालीसारखे पातळ काळे पापुद्रे आपोआप गळाले असते. इथे पापुद्रे लगद्यासारखे झालेले, आणि वृंदावनाच्या भोवती घामोळ्यासारखे बारीक लाल पुरळ. उजवीकडच्या शेवटच्या पानावरची खपली बाहीबरोबर निघून गेली होती. त्या जागी गुलाबी कातडी दिसत होती, रेषा नव्हती. मी पलंगावर बसून रडले. ते पान आजीच्या हातावर आजही स्पष्ट आहे.

आई म्हणाली, हळद लाव. आजी म्हणाली, "अगं, आम्ही खोबरेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी शेण सारवायला लागलो. तू इतकं काय थापतेस?" भावाने कपाटातून अँटिबायोटिकची जुनी ट्यूब काढून आणली. कुणाचंच न ऐकता कातडीच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी हात उजेडात धरला आणि विचारलं, "दिवसातून किती वेळा लावताय?"

"पाच-सहा वेळा."

"लावल्यावर तासाभराने हात चमकतो?"

"हो, चमकतो."

"मग जास्त होतंय. इन्फेक्शन नाही हे. कातडी गुदमरली आहे."

मग त्यांनी नीट समजावलं. सुई शाई ठेवते ती आतल्या थरात, वरून साधारण एक ते दोन मिलिमीटर खाली. वरचा थर हजारो ठिकाणी टोचलेला असतो, त्यामुळे त्यातली ओल भराभर उडते आणि कातडी ताणते, खाजते. मॉइश्चरायझरचं काम एवढंच की ती ओल उडण्याचा वेग कमी करायचा. मेण आणि शियाचा जाड थर दिला की ओल तर राहतेच, पण घामही आत अडतो, खपली भिजते, फुगते आणि वेळेआधी सुटते. सुटताना खालची ताजी शाई घेऊन जाते. एक दिवस काहीही लावू नका, नुसतं धुऊन कोरडं ठेवा, मग बिनवासाचं साधं लोशन अगदी पातळ, असं त्यांनी सांगितलं. आजीचं ‘थापतेस’ आणि डॉक्टरबाईंचं ‘जास्त होतंय’ एकच होतं. घरी येऊन आजीला तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि जप चालू ठेवला.

हळदीला त्यांनी साफ नाही म्हटलं. स्वयंपाकघरातली पूड निर्जंतुक नसते आणि उघड्या कातडीवर तिचे कण अडकतात. भावाच्या ट्यूबलाही नाही, कारण संसर्ग नसताना अँटिबायोटिक लावायचं कारण नाही, आणि त्यातल्या काही औषधांनी उलट पुरळ येतं. घरोघरी असतात ती स्टेरॉइडची मलमं तर अजिबात नाहीत. हे मात्र लक्षात ठेवा: तीन-चार दिवसांनंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरायला लागली, हात गरम लागला, पू दिसला, ताप आला, तर लोशन-बाम करत बसू नका, डॉक्टर गाठा.

येताना दवा बाजारात उतरले. काउंटरवरच्या भैयाला म्हटलं, बिना खुशबू का. तो म्हणाला, "दीदी, रंग भी नहीं, खुशबू भी नहीं, बच्चों को भी यही देते हैं." ग्लिसरीन असलेलं साधं लोशन, १०० मिली, २४० रुपये, आणि ट्यूबमध्ये. तिथे उभ्याउभ्याच हिशोब केला, मिलीला दोन रुपये चाळीस पैसे.

आठव्या दिवसापासून पद्धत बदलली. आधी धुवायचं, टिपायचं, मग दहा-पंधरा मिनिटं हात तसाच उघडा ठेवायचा. हे थांबणं मी आधी करतच नव्हते, ओल्या हातावर बाम लावून पाणी आत कोंडत होते. मग मसुराच्या डाळीएवढं लोशन. एवढ्याशाने काय होणार, असं वाटतं. चार बोटं रुंद टॅटूला पुरतं. दोन मिनिटांनी हात चमकत नसेल, बोट फिरवल्यावर चिकटत नसेल, तर बरोबर लागलं. चमकत असेल तर कागदी रुमालाने टिपून घ्यायचं. दिवसातून दोनदा, फार ताणलं तर तिसऱ्यांदा. दोन दिवसांत पुरळ गेलं. बाराव्या दिवशी शेवटचा पापुद्रा गळाला. खाज भयंकर सुटते त्या दिवसांत. खाजवायचं नाही, वरून हलकेच थापटायचं. तीन आठवड्यांचं लोशन झालं जेमतेम दहा-बारा मिली, म्हणजे तीस रुपयांच्या आत.

रंगपंचमीला सगळं बरं झाल्यासारखं दिसत होतं. नवी कातडी गुळगुळीत, किंचित चकाकणारी. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, वरून बरी दिसली तरी आत दोन-तीन महिने काम चालू असतं. आणि गेरमध्ये काय होतं ते इंदूरकरांना सांगायला नको. राजवाड्यासमोर टँकरमधून पाणी, मिसाईल म्हणतात त्या यंत्रातून गुलाल, पक्के रंग, लाखो लोकांचे घामाचे हात. शाळेत असल्यापासून मी एकही गेर चुकवली नव्हती. या वर्षी पूर्ण बाहीचा शर्ट घालून घराच्या गच्चीवर थांबले, लांबून ढोल ऐकत. खूप वाईट वाटलं, पण त्या चार पानांसाठी थांबले.

मे महिन्यात डबीचा दुसरा अंक. पर्समध्ये होती, स्कूटीच्या डिकीत तासभर राहिली. बाहेर बेचाळीस डिग्री. झाकणातून तेल गळून पर्सचं अस्तर, दोन बिलं, चष्म्याचं कापड सगळं गेलं. परत घट्ट झाल्यावर बामात रव्यासारखे दाणे. कंपनीला फोटो पाठवला. उत्तर आलं, नैसर्गिक असल्याने असं होतं, वापरलेला माल परत घेत नाही. चार दिवस भांडले. शेवटी त्यांनी पुढच्या खरेदीवर पंधरा टक्के सवलतीचं कूपन दिलं. ते मी वापरलं नाही.

पण दाण्यांबद्दल त्यांचं खरं होतं, हे लिहिलं पाहिजे. शिया बटर अंगाच्या उष्णतेच्या आसपासच वितळतं आणि सावकाश निवलं की दाणेदार होतं. माल खराब झालेला नसतो. माझा राग मालावर नाही, भांड्यावर आहे. चाळीसच्या वर उन्हाळा जाणाऱ्या गावांत विकायला जे पाठवता, त्याचं झाकण तरी गळू नये.

जाहिरातीतलं ‘रंग उजळवतो, शाई टिकवतो’ हे मात्र खरं नाही. शाई आतल्या थरातल्या पांढऱ्या पेशी गिळून धरून ठेवतात. त्या मेल्या की नव्या पेशी तीच शाई पुन्हा उचलतात, असं २०१८ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. बाम तिथपर्यंत पोचतच नाही. वरची कोरडी कातडी ओली झाली की खालची शाई स्पष्ट दिसते, एवढंच. लोशननेही तेवढीच दिसते. शाई फिकी करतं ते ऊन. म्हणून कातडी पूर्ण भरल्यावर गाडीवर निघताना मी सनस्क्रीन लावते आणि वरून बाही घालते.

जूनमध्ये आर्टिस्टने पाचवं पान पुन्हा भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. या वेळी पहिल्या दिवसापासून ट्यूबच. हवेत दमटपणा होता, त्यामुळे दिवसातून एकदाच लोशन पुरलं. पापुद्रे कोरडे, पातळ, स्वतःहून गळाले. पान पूर्ण आलं. इतर चार पानांपेक्षा ते किंचित गडद आहे, निरखून पाहिलं तरच कळतं.

बडोद्याच्या बहिणीने ऑर्डर कॅन्सल केली आणि तिकडच्याच मेडिकलमधून ट्यूब आणली. तिने विचारलं, मग तू उरलेल्या डबीचं काय केलंस? ती आजीच्या टाचांच्या भेगांना लावतो. तिथे जाड थर पाहिजेच असतो, वरून मोजे घातले की रात्रभर टिकतो. पंधरा दिवसांत तिच्या भेगा भरत आल्या. टाचांसाठी या बामला मी पुन्हा पाच तारे देईन. फक्त ते झाकण आजीला उघडता येत नाही. रोज रात्री मला हाक मारते, मी पोटाशी धरून उघडून देते.