पॅरिसच्या स्टेशनवर तिकीट मशीनजवळ ‘मदत’ करणाऱ्यापासून सावध राहा

दोन महिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण दिवाळीच्या सुट्टीत ओळखीतली दोन कुटुंबं त्याच वाटेने निघाली आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

23 मे 2025, शुक्रवार. साडू ब्रसेल्सला असतो, त्याच्याकडे चार दिवस राहून आम्ही पाच जण पॅरिसला निघालो. मी, बायको, आई, बारा वर्षांची लेक आणि सात वर्षांचा धाकटा. वेगवान गाडी दीड तासाच्या आत नेते, पण पाच जणांचं भाडं परवडणारं नव्हतं. म्हणून तीन तासांची स्वस्त गाडी घेतली, सगळ्यांचे मिळून 84 युरो. आम्ही उतरलो ते पॅरिसचं गार दू नॉर, युरोपातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन. त्यात शुक्रवारची संध्याकाळ, चार बॅगा, धाकटा खांद्यावर झोपलेला आणि आईचे गुडघे दुखत होते. मेट्रोच्या तिकीट मशीनपुढे लांब रांग होती.

तेवढ्यात तो आला. गळ्यात पट्टा, पट्ट्याला ओळखपत्र, इंग्रजी स्वच्छ. आईला आधी खुर्ची दाखवली. मग म्हणाला, आठवड्याचा पास घ्या, कुठेही फिरा, मोठ्यांना 40 युरो, मुलाला 20. मशीन नोटा घेत नाही, मी माझ्या कार्डाने भरतो, तुम्ही मला रोख द्या. मी घरून वाचून गेलो होतो. 2025 मध्ये आठवड्याचा पास 31.60 युरो आणि त्याच्या कार्डाचे 5, म्हणजे 36.60 होत होते. त्यामुळे 40 ऐकून संशय आला नाही. आकडा अगदीच अवाच्या सवा असता तर मी उलट फिरलो असतो. लेकीला धरून चार मोठ्यांचे 160 आणि धाकट्याचे 20, असे 180 युरो मी त्याच्या हातात मोजून दिले.

आता तो क्षण सांगतो, जो आजही झोपू देत नाही. आठवड्याच्या पासाला प्रत्येकाचा फोटो लागतो, कार्डावर चिकटवायला. हे आम्हाला माहीत होतं! बायकोने डोंबिवलीत बसून पाचही जणांचे फोटो कात्रीने 25 बाय 30 मिलिमीटर कापून प्लास्टिकच्या पाकिटात घातले होते. त्याने खिशातून पाच कार्डं काढली, पाठ आमच्याकडे करून मशीनवर काहीतरी दाबलं आणि कार्डं हातात दिली. आई म्हणाली, “अरे, फोटो द्यायचे होते ना?” मी म्हणालो, “आई, तो रोजचं काम करतो, त्याला कळतं.” पाकीट बायकोच्या हातात उघडं होतं. तिने ते बंद केलं.

शिवाय त्या पासात मुलांना सवलत नसतेच, मग ‘अर्धा दर’ आला कुठून? पास सोमवार ते रविवार चालतो आणि चालू आठवड्याचा गुरुवारपर्यंतच मिळतो. आम्ही शुक्रवारी उभे होतो! पावती मागितली तर म्हणाला, कार्डातच आहे. गेट उघडलं तेव्हा छोट्या पडद्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी आणि शेवटी 0 दिसला. मी बॅगा ओढत होतो. वीस वर्षं डोंबिवली-ठाणे लोकलने जातो, दलाल लांबून ओळखतो. पण परक्या भाषेत, थकलेल्या आईसमोर माणूस मदत करणाऱ्यावर विश्वास ठेवतो. यात मूर्खपणा कमी आणि थकवा जास्त होता, असं मी आजही म्हणेन.

दुसऱ्या दिवशी प्लास दितालि या मेट्रो स्टेशनवर गेट उघडेना. एका वृद्ध प्रवाशाने रुंद गेट धरून आम्हाला आत घेतलं. आम्हाला वाटलं कार्डं बिघडली असतील, पास तर आहे. लूव्रच्या स्टेशनवर उतरलो तर बोगद्याच्या वळणावर तपासनीस उभे. कार्ड त्यांच्या यंत्राला लावलं: एक फेरी, कालच वापरलेली. 2.50 युरोचं एकेक तिकीट आणि धाकट्याचं 1.25. त्या बिनफोटोच्या साध्या कार्डांचे प्रत्येकी 2 धरले तरी त्याचा खर्च 21.25, आणि घेतले 180! वर चौघांना माणशी 35 दंड, म्हणजे 140. धाकट्याला सोडलं. एकूण 320 युरो, 96 च्या भावाने 30,720 रुपये. आई सगळ्यांसमोर रडली.

दंडाची पावती मात्र मिनिटात मिळाली. आम्ही फसलोय हे सांगितलं तर तपासनीस म्हणाला, तिकीट तुमची जबाबदारी. पोलीस चौकीत दोन तास बसवलं. पैसे तुम्हीच दिलेत ना, फोटो आहे का त्याचा? शेवटी नुसती नोंद केली, आपल्याकडच्या एन.सी.सारखी. तक्रार आणि नोंद वेगळ्या असतात हे नंतर कळलं, तेव्हा ‘प्लँत’ (फ्रेंचमध्ये तक्रार) हाच शब्द धरून बसा. विमा कंपनीने तोच कागद पाहून सांगितलं, ही चोरी नाही, भरपाई नाही. दंडाबद्दल पत्र लिहिलं तर उत्तर आलं की रक्कम भरली आहे, प्रकरण मिटलं. मंगळवारी परतताना त्याच मशीनपाशी तसाच पट्टा गळ्यात घातलेला दुसरा माणूस दिसला. खिडकीवरच्या बाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, ते सुरक्षेचं काम आहे, आणि पुढच्या ग्राहकाला बोलावलं. रोज त्याच जागी, त्यांच्या डोळ्यांसमोर लोक नाडले जातात, आणि कुणीच उत्तर द्यायला बांधील नाही?

म्हणून सांगतो. मशीनला इंग्रजी आहे, भाषेचं बटण स्वतः दाबा. जवळ कुणी येऊन उभं राहिलं तर व्यवहार रद्द करून बाजूला व्हा. रोख कुणाच्याही हातात देऊ नका. गेटवर बँकेचं कार्ड लंडनसारखं चालत नाही, आणि प्रवासाच्या एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, प्रत्येकाचं वेगळं लागतं. पावती जपा. मोठ्यांच्या मोबाइलवर तिकीट आधीच घेता येतं, ते साडूने सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. दहा वर्षांखालच्या मुलाचं अर्धं तिकीट असतं, ते सुट्या फेरीसाठी. आणि सोमवार ते गुरुवारच्या आत पोहोचणार असाल तर आठवड्याचा पास जरूर घ्या, पण खिडकीवरच. फोटो न मागता कुणी तो देत असेल तर तिथूनच मागे फिरा.