न्यूरोच्या ओटीत डेक्स: चार स्टार, पण कशासाठी ते बघून घ्या

आधीच सांगते, डेक्समेडेटोमिडिन, म्हणजे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) आपण ज्याला नुसतं डेक्स म्हणतो ते गुंगीचं औषध, चढलेलं बीपी उतरवायला घेत असाल तर घेऊच नका. बीपी चढूच नये म्हणून घेत असाल तर माझ्याकडून पाचपैकी चार.

क्रॅनिओटॉमीत, म्हणजे कवटी उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये, बीपी उसळायच्या जागा ठरलेल्या. श्वासनळीत ट्यूब टाकताना, डोकं घट्ट धरणाऱ्या मेफिल्ड क्लॅम्पच्या तीन पिना कवटीत रुततात तेव्हा, आणि शेवटी ट्यूब काढताना पेशंट खोकला की. मधे मेंदूवर काम चालतं तेव्हा मेंदूला काही दुखत नाही त्यामुळे बऱ्यापैकी शांतता असते. पिनांचं तर विचारूच नका, १२० चं सिस्टॉलिक (वरचं बीपी) बघता बघता १८० ला जाऊन बसतं आणि केस अ‍ॅन्युरिझमची, म्हणजे मेंदूतल्या रक्तवाहिनीला आलेल्या फुग्याची, असेल तर सगळ्यांचा जीव टांगणीला.

इथे डेक्स खरंच कामाला येतं. २०० मायक्रोग्रॅम सलाईनमध्ये घालून एकूण ५० मिली करायचं, म्हणजे मिलीला ४ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या पेशंटला किलोला १ मायक्रोग्रॅम या हिशोबाने लोडिंग (सुरुवातीचा डोस) म्हणजे १५ मिली, ते १० मिनिटांत, म्हणजे पंपावर तासाला ९० मिलीचा रेट. नंतर ६ वर आणून ठेवलं की तासाला किलोमागे ०.४ मायक्रोग्रॅम पडतं. नाडी हळूहळू ६०-६५ ला येते, फेंटानिल (वेदनाशामक) आणि भुलीचा गॅस दोन्ही कमी लागतात. श्वास फारसा दाबत नाही म्हणून अवेक (पेशंट जागा ठेवून केलेल्या) क्रॅनिओटॉमीत तर याला तोड नाही, पेशंट डुलकी काढत असतो आणि हाक मारली की डोळे उघडून आकडे मोजून दाखवतो.

आता एक स्टार का कापला. घाई केली की हे उलटतं. भरकन ढकललं तर रक्तवाहिन्या आवळून आधी बीपी चढतं, मग नाडी आणि बीपी दोन्ही खाली. हार्ट ब्लॉक (हृदयातले विजेचे संदेश अडणं) असेल, पेशंट आधीच बीटा ब्लॉकरवर (नाडी आणि बीपी उतरवणाऱ्या औषधावर) असेल तर मी लोडिंग देतच नाही. शिवाय ड्युरा (मेंदूवरचं आवरण) ओढली तरी नाडी पडते, त्यामुळे अचानक ४० दिसली तर आधी सर्जनना हात थांबवायला सांगा, डेक्सला शिव्या नंतर. (अ‍ॅट्रोपिन, नाडी वाढवायचं औषध, भरून ठेवलेलं असतंच ना?) शेवटपर्यंत चालू ठेवलं तर पेशंट सावकाश उठतो आणि सर्जन दर दोन मिनिटांनी "अजून हात हलवत नाही का" विचारतात, म्हणून टाके सुरू झाले की मी बंद करते.

उसळी आलीच तर एस्मोलॉल, हाही बीटा ब्लॉकरच. हाफ लाइफ (रक्तातलं औषध निम्मं व्हायचा वेळ) ९ मिनिटांच्या आसपास, चुकून जास्त उतरलं तरी लवकर सावरतं. त्याच जातीचं लॅबेटालॉल जास्त टिकतं म्हणून ट्यूब काढायच्या वेळी बरं, दमेकऱ्याला दोन्ही जपून, लॅबेटालॉल तर नकोच. एनटीजी (नायट्रोग्लिसरीन) मात्र ड्युरा उघडायच्या आधी मला अजिबात आवडत नाही, मेंदूतल्या वाहिन्या फुलतात, आतलं प्रेशर वाढतं आणि सर्जन म्हणतात ब्रेन टाइट आहे. पिनांसाठी तर खरं सांगू का, ब्युपिवाकेनचा नीट दिलेला स्काल्प ब्लॉक (डोक्याची कातडी बधिर करणारं इंजेक्शन) या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि मस्त.

हेड इंज्युरीचा पेशंट २०० बीपी आणि ४५ नाडी घेऊन आला तर यातलं काहीही लावू नका, फुगलेल्या मेंदूपर्यंत रक्त पोचावं म्हणून शरीरानेच ते बीपी चढवलंय, ते उतरवलं तर मेंदू उपाशी. आणि आर्टेरियल लाइनचा (धमनीतल्या नळीचा) बीपी मोजणारा ट्रान्सड्युसर कानाच्या पाळीच्या वर, ट्रॅगसच्या (कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्याच्या) लेव्हलला बांधा. डोकं वर केलेलं आणि ट्रान्सड्युसर छातीशी असेल तर मॉनिटरवरचं बीपी छातीचं, मेंदूला त्याहून कमीच मिळतंय, मग पंपात कुठलंही औषध असो.