सँड फिल्टर की कार्ट्रिज? बंगल्याच्या पूलसाठी निवड करताना

कर्जत-अलिबागकडे छोटा पूल बांधणारे बहुतेक जण आधी किंमत विचारतात. मी आधी विचारेन, पाणी कुठून येतं आणि फिल्टरला हात कोण लावणार?

मालक मुंबईत आणि पूल माळीदादांच्या भरवशावर, अशा घरी सँड फिल्टर (वाळूच्या थरातून पाणी गाळणारी टाकी) बरा. टाकी एरवी उघडावी लागत नाही. फिल्टर स्वच्छ असतानाचा दाब भिंतीवर लिहून ठेवायचा. दाबमापकाचा काटा त्याहून 8 ते 10 पीएसआय (दाबाचं एकक) वर गेला की बॅकवॉश, म्हणजे पाणी उलट दिशेने सोडून वाळूतला गाळ बाहेर काढायचा. छोट्या काचेत आधी चहासारखं गढूळ पाणी दिसतं, दोन-तीन मिनिटांत निवळतं, मग मिनिटभर रिन्स, म्हणजे पाणी पुन्हा सरळ दिशेने सोडायचं. फक्त पंप बंद केल्याशिवाय मल्टिपोर्टची (पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हची) मूठ फिरवायची नाही, नाहीतर आतलं गॅस्केट जातं. वाळू साधारण 5 ते 7 वर्षं टिकते.

पण तासाला 10 हजार लिटरचा पंप असेल तर 3 मिनिटांच्या बॅकवॉशमध्ये 500 लिटर पाणी वाहून जातं. मे महिन्यात टँकर मागवणाऱ्याच्या जिवाला ते लागतं. त्याने कार्ट्रिजच (टाकीत बसणारी, चुण्या घातलेल्या कापडाची गाळणी) घ्यावी. ती गाळतेही बारीक: वाळू साधारण 20 ते 40 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कार्ट्रिज 10 ते 20.

मात्र कार्ट्रिजला हातमेहनत आहे. साध्या पाइपने एकेक चुणी वरून खाली धुवायची. जेट वॉशरने कापड फाटतं. आपल्याकडे डोक्याचं खोबरेल चुण्यांत बसतं, वर बोअरच्या क्षारांचा पांढरा थर. आधी तेलकटपणा काढणारं क्लीनर, खळखळून धुणं, मगच सौम्य आम्ल. क्रम उलटला तर तेल आणखी घट्ट बसतं. आम्ल आणि क्लोरीन मात्र एका बादलीत, एका कपाटातही नको. एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

खरी भीती कार्ट्रिजच्या टाकीच्या झाकणाची. 15 पीएसआय दाबाला 12 इंची झाकणावर साडेसातशे किलोंहून अधिक जोर असतो. म्हणून पंपाचा मेन स्विच बंद, एअर व्हॉल्व्ह उघडा, काटा शून्यावर, मगच क्लॅम्प सोडायचा. परत सुरू करतानाही व्हॉल्व्ह उघडाच ठेवून बाजूला उभं राहायचं, आणि हवा संपून पाण्याची सलग धार आली की तो बंद करायचा. हे शांतपणे, दर वेळी करणारं माणूस घरात नसेल, तर टँकरचा खर्च सोसून सँड फिल्टरच बसवा.