‘पाळीव प्राणी पुरवणी करार’चा तयार नमुना: आहे तसा सही करू नका

घरात नवं कुत्रं किंवा मांजर आलं आणि घरमालकानं हरकत घेतली, की पुष्कळ भाडेकरू भाडेकराराला जोडायच्या ‘पाळीव प्राणी पुरवणी करारा’चा नेटवरचा हा तयार नमुना उतरवून घेतात. कागद कामाचा आहे, पण त्यातली काही कलमं भाडेकरूच्या मुळावर येतात.

आधी मूळ करारनामा काढून वाचा. ‘लेखी परवानगीशिवाय प्राणी ठेवू नये’ असं कलम असेल, तर हा नमुना उत्तम. करारात प्राण्यांबद्दल अवाक्षरही नसेल, तर घाईनं सही करून नसलेली बंधनं गळ्यात घेऊ नका. अंध व्यक्तीच्या मार्गदर्शक श्वानाला अनेक देशांचे कायदे पाळीव प्राणी मानतच नाहीत; तिथं हा कागद लागूच होत नाही.

प्राण्याचं वर्णन, लसीकरणाची तारीख, तुम्ही बाहेरगावी असताना त्याला कोण सांभाळणार, हे रकाने नेमके आहेत. वजनाच्या रकान्यात मात्र पिल्लाचं आजचं वजन लिहू नका. ४ किलोचं लॅब्रॉडॉर वर्षभरात २५ किलोच्या पुढं जातं, आणि मग ‘परवानगी लहान कुत्र्याची होती’ हा वाद उभा राहतो. पूर्ण वाढीचं अंदाजे वजन लिहा.

सगळ्यात घातक ओळ म्हणजे ‘प्राण्यामुळे झालेले सर्व नुकसान अनामत रकमेतून वळते करावे’. तिच्या आधारे जुना रंगसुद्धा तुमच्या नावावर लागतो. तिथं ‘नेहमीच्या वापराची झीज वगळून, दुरुस्तीच्या पावतीनुसार’ एवढं घाला. प्राणी घरात आणण्याआधी दारांचा खालचा हातभर भाग, चौकटीचे कोपरे आणि लाकडी फरशीचे सांधे यांचे तारखेसह फोटो काढून कराराला जोडा. नखांचे ओरखडे दारावर तिथंच उठतात, आणि लघवी सांध्यांत मुरून फळ्या फुगतात. भांडण होतं ते याच जागांवरून.

‘तक्रार आल्यास परवानगी तत्काळ रद्द’ हेही तसंच सोडू नका. तक्रार लेखी हवी, तारीख-वेळेसह हवी, आणि सुधारायला किमान १४ दिवस हवेत. भुंकण्याची सवय एका रात्रीत सुटत नाही.

मोठी उणीव म्हणजे प्राणी ठेवण्याच्या परवानगीच्या अर्जाला घरमालकानं किती दिवसांत उत्तर द्यायचं, याबद्दल नमुना गप्प आहे. इंग्लंडच्या २०२५च्या कायद्यात त्यासाठी साधारण २८ दिवस दिलेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये २१ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. तुमच्याकडे कायद्यानं मुदत नसेल, तर अर्जातच तारीख टाका आणि नकार आल्यास कारण लेखी मागा. कारण कागदावर आलं की त्यावर तोडगा सुचवता येतो.

सह्या दोघांच्याही, प्रत्येक पानावर, मूळ कराराच्या तारखेचा उल्लेख करून. तोंडी ‘हो’वर विसंबू नका, घर विकलं गेलं, तर नवा मालक ते मानेलच असं नाही.