नावापुरतं डायरेक्टर व्हा म्हणाले, तर आधी हे वाचा

माझे भावजी इंदूरच्या लोहामंडीत एका भंगार व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. शेठनं पेढीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी करायची ठरवली. तिला किमान २ डायरेक्टर लागतात. "दादा, आप तो घर के आदमी हो, बस नाम चाहिए," म्हणत त्यानं आधार, पॅन घेतलं, मोबाइलवर आलेले ओटीपी मागून घेतले. पगारावर नोकरी करणाऱ्या माणसानं मालकाला नाही कसं म्हणायचं? हे शेठला पक्कं ठाऊक होतं. माझा खरा राग त्यावरच आहे.

डिजिटल सहीचं टोकन, पेनड्राइव्हएवढी वस्तू, भावजींच्या हाती कधी पडलंच नाही. ते शेठच्या ड्रॉवरमध्ये राहिलं, आणि त्याच सहीनं जीएसटीची रिटर्नं भरली गेली. माल न येता नुसती बिलं घेऊन इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, उचललं होतं. तपासणी झाली तोवर कंपनीचं खातं रिकामं आणि शेठचा फोन बंद.

मग सुदामा नगरच्या घरी नोटीस आली. सीजीएसटी (केंद्रीय जीएसटी) कायदा, २०१७ च्या कलम ८९ प्रमाणे प्रायव्हेट कंपनीकडून कर, व्याज, दंड वसूल होत नसेल, तर त्या काळातल्या प्रत्येक डायरेक्टरकडून तो वसूल करता येतो. वाटा ठरलेला नसतो, पूर्ण रक्कम एकाकडूनही मागतात. २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठी कलम ७४ खाली फसवणूक ठरली की दंडच कराइतका, वर व्याज. ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या वर्षांना लागू असलेल्या प्राप्तिकर कायदा, १९६१ चं कलम १७९ ही असंच आहे.

सुटका एकच: वसुली बुडाली ती आपल्या घोर हलगर्जीमुळे, गैरकृत्यामुळे किंवा कर्तव्यात कसूर केल्यामुळे नाही, हे डायरेक्टरनंच सिद्ध करायचं. भावजींच्या बाजूनं आज पगाराच्या पावत्या आहेत, बँकेत सहीचा अधिकार एकट्या शेठला होता असं बँकेचं पत्र आहे आणि शेठचे व्हॉट्सॲप मेसेज आहेत. बहिणीनं ते फोनमधून काढून, छापून तारीखवार लावले. अपील चालू आहे.

तुमचं नाव कुठं असेल, तर राजीनामा लेखी द्या. कंपनीनं तो रजिस्ट्रारकडे, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, कळवला नाही, तर डीआयआर-११ फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकता. मध्य प्रदेशच्या कंपन्यांचा रजिस्ट्रार ग्वाल्हेरला बसतो, पण फॉर्म ऑनलाइन जातो. मागच्या काळाची जबाबदारी मात्र राजीनाम्यानं धुऊन निघत नाही. टोकन आजच परत मागा. दिलं नाही, तर ज्या संस्थेनं सर्टिफिकेट दिलं तिच्याकडे ते रद्द करायचा अर्ज टाका.