अमेरिकेतल्या वारशाचे तेलहक्क: लीजवर द्यावेत, राखावेत की विकावेत?

टपालाने एक जाड पाकीट येतं. आत दोन पानांचं गोड पत्र, एक करारनामा आणि चेकसारखा दिसणारा एक कागद. तुमच्या आजेसासऱ्यांच्या नावावर टेक्सासमधल्या रीव्ह्ज काउंटीत खनिज हक्क आहेत, ते आम्ही विकत घेतो, नोटरीसमोर सही करा आणि परत पाठवा, असा मजकूर. टेक्सास, ओक्लाहोमा किंवा नॉर्थ डकोटातल्या घरात लग्न होऊन गेलेल्यांना असं पत्र येतं, तसंच आयुष्यभर अमेरिकेत राहून वारलेल्या काकांच्या पुण्यातल्या पुतण्यालाही येऊ शकतं. पहिला संशय असतो फसवणुकीचा. पण पुष्कळदा हक्क खरा असतो, फक्त किंमत पत्र पाठवणाऱ्याच्या सोयीची असते.

भारतात शेताखाली तेल सापडलं तर शेतकऱ्याला जमिनीची भरपाई मिळते, तेलातला वाटा मिळत नाही. अमेरिकेत मात्र जमिनीखालचं तेल खासगी मालकीचं असू शकतं, आणि ती मालकी वरच्या जमिनीपासून वेगळी काढून विकता किंवा वारसांना देता येते. त्यामुळे आजोबांनी १९५० साली शेत विकलं असलं, तरी विक्रीखतात खनिज हक्क राखून ठेवले असतील तर ते आज नातवंडांकडे येतात. टेक्सासमध्ये तर खालच्या हक्काला वरच्या हक्कापेक्षा वरचढ मानतात: तेल काढण्यासाठी लागेल तेवढी जमीन वाजवी रीतीने वापरायचा अधिकार त्यात येतो.

आधी आपल्या हातात काय आहे ते बघा

सातबारासारखा एकच उतारा इथे नाही. काउंटी क्लार्कच्या दप्तरातली जुनी खतं एकापाठोपाठ एक वाचत साखळी जोडावी लागते. शोधायचा आकडा म्हणजे 'नेट मिनरल एकर', तुमच्या वाट्याला येणारे खनिज हक्काचे एकर. ६४० एकरांच्या सेक्शनमध्ये, म्हणजे मोजणीच्या एका तुकड्यात, आजोबांचा आठवा हिस्सा असेल तर ८० नेट एकर, आणि चार वारसांत वाटणी झाली तर प्रत्येकी २०. मृत्युपत्राची प्रोबेट, म्हणजे न्यायालयाची मंजुरी, टेक्सासबाहेर झाली असेल, तर त्याची नोंद त्या काउंटीतही करून घ्यावी लागते. ते होईपर्यंत कंपन्या पैसे अडवून धरतात. टेक्सासमध्ये तीन वर्षं दावा न झालेली रॉयल्टी राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या खात्यात जमा होते. तिथे आजोबांचं नाव फुकट शोधता येतं. पाकिटाला उत्तर देण्याआधी हे काम करावं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या जमिनीवर जुनं लीज चालू आहे का? लीजची मूळ मुदत बहुधा तीन वर्षांची असते, पण त्यात विहीर लागली आणि तिच्यातून किफायतशीर उत्पादन होत राहिलं, तर लीज उत्पादन संपेपर्यंत जिवंत राहतं. १९७८ च्या एखाद्या मरतुकड्या विहिरीनेही पूर्ण सेक्शन बांधून ठेवलेला असू शकतो. मग 'लीजवर देऊ का?' हा प्रश्नच उरत नाही, राखायचं की विकायचं एवढंच ठरवायचं असतं. टेक्सासच्या रेलरोड कमिशनच्या संकेतस्थळावर विहिरी, परवाने आणि उत्पादन नकाशावर बघता येतं. नाव रेल्वेचं असलं तरी ही संस्था आता मुख्यतः तेल आणि वायूचं बघते. शेजारच्या सेक्शनमध्ये नुकताच परवाना निघालेला दिसला, तर पाकीट आताच का आलं तेही उमगतं.

लीज: बोनसकडे कमी, रॉयल्टीकडे जास्त बघा

लीज म्हणजे कंपनीला ठरावीक काळात विहीर खणायची मुभा. सही करताना एकरी बोनस मिळतो आणि तेल निघालं की उत्पन्नातला हिस्सा, म्हणजे रॉयल्टी. विहीर खणण्याच्या खर्चातला एक डॉलरही मालकाला घालावा लागत नाही. पूर्वी रॉयल्टी आठवा हिस्सा असायची. पश्चिम टेक्सासमधल्या पर्मियनसारख्या चांगल्या तेलखोऱ्यात आता पाचवा आणि चौथा हिस्सा मागता येतो, आणि मिळतोही.

नवखा वारस बोनसचा आकडा बघून हुरळतो. म्हणून एक गणित मांडतो, आकडे उदाहरणापुरते. तुमचे २० एकर १,२८० एकरांच्या युनिटमध्ये, म्हणजे विहिरींसाठी एकत्र जोडलेल्या जमिनीत आहेत, आणि उत्पन्न त्या प्रमाणात वाटलं जातं. 'अ' कंपनी एकरी १,५०० डॉलर बोनस आणि पाचवा हिस्सा देते, 'ब' कंपनी एकरी १,००० डॉलर आणि चौथा हिस्सा. आज 'अ'कडून ३० हजार हातात पडतात, 'ब'कडून २० हजार. पण एका विहिरीतून तिच्या आयुष्यात पाच लाख बॅरल निघाले आणि भाव ६५ डॉलर धरला, तर करांआधी 'अ'ची रॉयल्टी सुमारे १ लाख १ हजार ५०० होते आणि 'ब'ची सुमारे १ लाख २७ हजार. एका विहिरीमागे २५ हजारांचा फरक, आणि आडव्या (खोल जाऊन आडव्या वळणाऱ्या) विहिरींच्या युनिटमध्ये बहुधा एकापेक्षा जास्त विहिरी होतात. उलट विहीर होण्याची शक्यता धूसर असेल, तर बोनस हीच तुमची पूर्ण कमाई असते. तेव्हा 'अ' घ्यावा. कोणता करार चांगला हे करारावरून नव्हे, नकाशावरून ठरतं.

यानंतर कलमं. माझ्या मते वकिलाच्या फीचे पैसे इथेच वसूल होतात. पहिलं कलम खर्चकपातीचं: वायू दाबून, शुद्ध करून, वाहून नेण्याचा खर्च रॉयल्टीतून कापणार की नाही हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यायचं. नुसतं 'कपात नाही' असं लिहून भागत नाही, कारण टेक्सासच्या न्यायालयांनी अशी मोघम कलमं मालकाच्या विरोधात वाचली आहेत. दुसरं प्यू कलम: विहिरीच्या युनिटमध्ये न आलेली जमीन मुदत संपली की मोकळी व्हायला हवी, नाहीतर एका विहिरीवर तुमचे सगळे एकर अडकतात. तिसरं खोलीचं: वरच्या थरातून तेल निघत असलं म्हणून खालचा थर कंपनीने वर्षानुवर्षं धरून ठेवू नये. लँडमन, म्हणजे कंपनीसाठी लीज मिळवणारा माणूस, पहिल्यांदा जो छापील नमुना देतो त्यात यातलं काही नसतं. तो माणूस बहुधा भला असतो, पण कंपनीचा असतो.

आणि रॉयल्टीला पेन्शन समजू नका. शेल नावाच्या घट्ट खडकातल्या आडव्या विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खूप खाली येतं. वरच्याच उदाहरणात विहीर सुरुवातीला रोज ८०० बॅरल देत असेल आणि भाव ७० डॉलर असेल, तर चौथ्या हिश्श्याने महिन्याला साडेसहा हजारांचा चेक येतो. तेलावर टेक्सासचा ४.६ टक्के उत्पादन कर त्यातून जातो, आणि चालू विहिरीच्या हक्कावर काउंटीचा मालमत्ता कर वेगळा. दीड वर्षाने तोच चेक दीड-दोन हजारांवर आलेला दिसला तर दचकू नये. त्या पहिल्या चेकच्या भरवशावर घराचं कर्ज काढणारे मात्र अडचणीत येतात.

राखणं: काहीच न करणं हाही निर्णयच

लीज न देता हक्क धरून ठेवायचा म्हणजे भाव आणि तंत्र सुधारण्याची वाट बघायची. टेक्सासमध्ये ते स्वस्त पडतं: उत्पादन नसलेल्या हक्कावर सहसा मालमत्ता कर लागत नाही आणि वापर नाही म्हणून हक्क बुडत नाही. इतर राज्यांत तसं नाही. नॉर्थ डकोटात २० वर्षं वापर नाही आणि दाव्याची नोंदही नाही, तर जमीनमालक तो हक्क आपल्याकडे ओढू शकतो. लुइझियानात जमिनीपासून वेगळा काढलेला हक्क वापराविना १० वर्षांत संपतो. ओक्लाहोमात तर गप्प बसायची सोय नाही. कंपनी राज्याच्या कॉर्पोरेशन कमिशनकडे जाऊन सक्तीचं पूलिंग, म्हणजे सगळ्या मालकांचे हक्क एकत्र जोडण्याचा आदेश, मागते आणि आदेश निघाला की साधारण २० दिवसांत पर्याय निवडावा लागतो. मुदत उलटली तर आदेशात ठरलेला पर्याय आपोआप लागू होतो.

राखण्याचा तोटा पुढच्या पिढीत दिसतो. २० एकरांचे चार वारस, मग त्यांचे दहा, मग पत्ता न सापडणारे तीस. अशा हिश्श्यावर महिन्याला सहा डॉलर येतात आणि नोंदींचा खर्च त्याहून जास्त. राखायचंच असेल तर कुटुंबाचा ट्रस्ट किंवा एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) करून हक्क एका जागी ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं.

विक्री: वाईट नाही, पण पाकिटातल्या भावाने नाही

तेलाने जुलै २००८ मध्ये १४७ डॉलर पाहिले आणि २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा उणे ३७.६३ वर बंद झाला. ही झुंज खेळायची नसेल तर विकण्यात काहीच गैर नाही. करही विक्रीच्या बाजूने झुकतो. वारशाने आलेल्या हक्काची मूळ किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाने धरतात. त्या दिवशीचं मूल्य १ लाख होतं आणि १ लाख १० हजाराला विकलं, तर कर फक्त १० हजारांवर, तोही दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने. बोनस आणि रॉयल्टी मात्र साधं उत्पन्न धरतात. रॉयल्टीतून साधारणपणे १५ टक्के घसारा वजा मिळतो, बोनसवर ती टक्केवारीची सवलत नाही. म्हणून पेट्रोलियम अभियंत्याकडून मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन लवकर करून घ्यावं. दहा वर्षांनी ते करणं अवघड जातं.

भाव ठरवताना चालू रॉयल्टीचे अमुक महिने असा ढोबळ हिशेब सांगतात. तो जुन्या, स्थिरावलेल्या विहिरीला ठीक आहे. नव्या विहिरीचे पहिले चेक फुगलेले असतात, आणि न खणलेल्या जागांची किंमत त्या हिशेबात येतच नाही. खरेदीदार पैसे मोजतो ते बहुतेक त्या न खणलेल्या जागांसाठी. त्यामुळे एकाच पत्रावर व्यवहार करू नये, दोन-तीन खरेदीदारांना एकाच वेळी विचारावं किंवा लिलावात ठेवावं. चेकसारखा तो कागद बहुधा ड्राफ्ट असतो: खरेदीदाराने कागदपत्रं तपासून मान्य केल्यावरच पैसे, तोवर तुमचं सही केलेलं खत त्याच्याकडे. 'काउंटीतले सर्व हक्क' असे शब्द असतील तर तुम्हाला माहीत नसलेले तुकडेही त्यात जातात. निम्मे विकून निम्मे ठेवणं हा पर्याय पत्रात कधीच नसतो, तो तुम्हीच मागायचा.

भारतात राहणाऱ्या वारसांसाठी

इथे पारडं स्पष्ट फिरतं. अमेरिकेबाहेरच्या मालकाच्या रॉयल्टीतून आधीच ३० टक्के कापले जातात. निव्वळ उत्पन्नावर कर भरायचा पर्याय निवडता येतो, पण त्यासाठी दरवर्षी अमेरिकी विवरणपत्र भरावं लागतं. विक्रीत खरेदीदार किमतीच्या १५ टक्के कापून अमेरिकी करखात्याला देतो, ते पुढे हिशेबात धरले जातात. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकाकडून वारशाने आलेली परदेशी मालमत्ता धरून ठेवायला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याची आडकाठी नाही, पण आयकर विवरणपत्रात ती परदेशी मालमत्ता म्हणून दाखवावीच लागते. शिवाय भारतात वारशाच्या मालमत्तेची किंमत मृत्यूच्या दिवसाची धरत नाहीत, मूळ मालकाची खरेदी किंमत धरतात. म्हणजे अमेरिकेत जवळजवळ शून्य नफा आणि इथे मोठा भांडवली नफा, असं होऊ शकतं. विक्रीआधी दोन्ही देशांचं गणित एकाच टेबलावर मांडणारा सीए शोधावा.

आणि पुण्यातला पुतण्या हक्क राखून वारला, तर त्याच्या अमेरिकी मालमत्तेवर तिथला मृत्यूकर लागतो. अमेरिकेबाहेरच्या, नागरिक नसलेल्या माणसाला सूट फक्त ६० हजार डॉलरची आहे आणि भारताशी त्याबाबत करार नाही. म्हणून भारतातल्या साठीपुढच्या वारसाला मी विक्रीच सुचवतो. ह्यूस्टनमध्ये राहणाऱ्या चाळिशीतल्या वारसाने, जमीन पर्मियनमध्ये असेल आणि तिच्यावर जुनं लीज चालू नसेल, तर चौथ्या हिश्श्याचं लीज द्यावं. जुन्या विहिरीने बांधलेल्या हक्काला चांगली बोली आली, तर निम्मा विकून निम्मा ठेवावा. आणि हिस्सा दोन-चार एकरांचा, तोही ओक्लाहोमातल्या पाच काउंट्यांत विखुरलेला असेल, तर वकिलावर खर्च न करता तीन बोली मागवून सगळ्यात मोठी घ्यावी.