ला पोसादा, विन्स्लो (ॲरिझोना): रुळांकडे तोंड करून बसलेलं हॉटेल

बाबांना फोनवर सांगितलं होतं की तुम्ही आलात की आपण रेल्वेच्या जुन्या हॉटेलात एक रात्र राहायला जाऊ, तर म्हणाले, "म्हणजे रनिंग रूमच की गं", म्हणजे गार्ड-ड्रायव्हरांची ड्युटीमधे झोपायची खोली. भुसावळला गार्ड म्हणून रिटायर झालेला माणूस, त्याला रेल्वे आणि झोप म्हटलं की लोखंडी कॉट, मच्छर आणि ड्युटीसाठी उठवायला येणाऱ्या कॉल बॉयची हाकच आठवणार. आई म्हणाली आयुष्यभर रेल्वे क्वार्टरमध्ये काढली, आता अमेरिकेत येऊन परत रुळांशेजारी झोपायचं का. तरी गेलो.

आम्ही राहतो त्या फिनिक्सजवळच्या चँडलरहून ८७ नंबरचा रस्ता धरला की पेसनवरून सरळ विन्स्लो, साधारण तीन तास, वाटेत आधी निवडुंग मग पाइनचं जंगल आणि मग एकदम सपाट उजाड माळ, आणि त्या माळावर हे नऊ-दहा हजार वस्तीचं गाव. बहुतेक लोक इथे उल्कापाताचा खड्डा बघायला जाता जाता थांबतात, एका जुन्या गाण्यात गावाचं नाव आल्यामुळे कोपऱ्यावर जो पुतळा उभा केलाय त्याच्यासोबत फोटो काढतात आणि सुटतात. आम्हीपण मागच्या वर्षी तेच केलं होतं आणि रात्री हायवेवरच्या एका मोटेलात राहिलो होतो, तिथल्या कार्पेटच्या वासाबद्दल न बोललेलंच बरं.

ला पोसादाला कारने गेलात की तुम्ही रूट ६६ या जुन्या हायवेच्या बाजूने आत शिरता आणि वाटतं हेच पुढचं दार. ते खरं मागचं. हॉटेलचं तोंड दक्षिणेला, रुळांकडे. रेल्वेतून उतरा, बॅग हमालाच्या हातात द्या, चार पावलं चाला की आत, असा सगळा हिशोब. आजही ॲमट्रॅकची (इथली प्रवासी रेल्वे कंपनी) साउथवेस्ट चीफ, शिकागो ते लॉस एंजेलिस जाणारी, हॉटेलच्या अंगणालगतच थांबते. बाबा आल्या आल्या रिसेप्शन सोडून थेट त्या बाजूच्या दारातून बाहेर गेले आणि चेक-इन मी एकटीनेच केलं.

थोडा इतिहास सांगते, त्याच्याशिवाय हे हॉटेल म्हणजे नुसती सुंदर जुनी इमारत वाटेल. फ्रेड हार्वी नावाचा इंग्लंडहून आलेला माणूस, त्याने १८७६ साली कॅन्ससमधल्या टोपीका स्टेशनवर खाणावळ काढली. तेव्हा पश्चिमेकडच्या गाड्यांत जेवायची बोंब होती, स्टेशनवर अर्धा तास गाडी थांबायची आणि मिळायचं ते शिळंपाकं. हार्वीने सांता फे रेल्वेशी जमवून ओळीने खाणावळी आणि हॉटेलं टाकली. गाडीतच विचारून घ्यायचे कोण कोण जेवणार, आकडा पुढच्या स्टेशनला तारेने कळवायचे आणि गाडी लागेपर्यंत टेबलं तयार. वाढायला काळा ड्रेस आणि पांढरा एप्रन घातलेल्या मुली, त्यांना हार्वी गर्ल्स म्हणायचे. ऑर्डर घेणारी मुलगी गिऱ्हाइकाचा कप सुलटा, उपडा किंवा तिरका ठेवून जायची, मागून येणारी नुसता कप बघून चहा की कॉफी की दूध ते ओतायची. हे ऐकून आईने जेवताना स्वतःचा कप उपडा करून बघितला, काही झालं नाही.

हार्वी १९०१ मध्ये वारला पण कंपनी चालू राहिली, आणि ला पोसादा हे त्या मालिकेतलं शेवटचं मोठं हॉटेल. उघडलं मे १९३० मध्ये. म्हणजे १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार आपटला आणि पुढच्या उन्हाळ्यात यांनी वाळवंटात आलिशान हॉटेलचं उद्घाटन केलं, याला म्हणतात टायमिंग! बांधकामालाच त्या काळचे दहा लाख डॉलर लागले म्हणतात. विन्स्लोच का, तर सांता फेचं डिव्हिजनचं ठिकाण, इंजिनं आणि क्रू इथे बदलायचे, आणि ग्रँड कॅन्यन, पेंटेड डेझर्ट, होपी या मूळ रहिवासी लोकांची गावं सगळीकडे इथून मोटारने जाता यायचं. आपल्या भुसावळचंच चुलत भावंड समजा, फक्त केळी नाहीत.

डिझाइन मेरी कोल्टरचं. ही बाई कमाल आहे, १८६९ चा जन्म, बायका आर्किटेक्ट व्हायच्या नाहीत अशा काळात तिने ग्रँड कॅन्यनवरचं होपी हाउस, डेझर्ट व्ह्यूचा तो दगडी मनोरा, खाली दरीतलं फँटम रँच असं सगळं केलं. ला पोसादासाठी तिने आधी एक गोष्टच रचली, की हा एका श्रीमंत स्पॅनिश जमीनदाराचा वाडा आहे, पिढ्यानपिढ्या वाढत गेला, मग घराण्याचे दिवस फिरले आणि वाड्याची सराय झाली. आणि मग त्या खोट्या गोष्टीला शोभेल असं सगळं खरं बनवलं, बागेपासून फर्निचर, भांडी, कामवाल्या मुलींच्या कपड्यांपर्यंत. लाउंजमध्ये सशाच्या आकाराचे ॲशट्रे आहेत, लांब कानांचे, तीपण तिचीच कल्पना. आता सिगारेट कोण ओढतंय तिथे, पण ससे आहेत. फरशी दगडी, मधे मधे वापरून गुळगुळीत झालेली, खिडक्या खोल भिंतीत बसवलेल्या, त्यामुळे बाहेर रणरण ऊन असलं तरी आत वाड्याच्या माजघरासारखं गार.

चाललं मात्र फक्त २७ वर्षं. गाड्यांना स्वतःचे डायनिंग कार लागले, लोकांनी मोटारी घेतल्या, मग विमानं. गंमत म्हणजे विन्स्लोचा विमानतळ अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या वैमानिक लिंडबर्गच्या देखरेखीखाली झाला, १९२९ मध्ये दिवसा विमान आणि रात्री रेल्वे असा ४८ तासांत देश ओलांडायचा प्रवास सुरू झाला होता त्यातला हा थांबा. १९५७ मध्ये हॉटेल बंद, १९५९ ला सामानाचा लिलाव, आणि नंतर रेल्वेने तिथे स्वतःची ऑफिसं घातली. खोटी छतं, ट्यूबलाइटी, पार्टिशनं. हे वाचताना बाबा एवढंच म्हणाले, "आपल्याकडेपण हेच करतात." मग सत्तरच्या दशकाच्या शेवटी नवा हायवे गावाला वळसा घालून गेला आणि उरलीसुरली वर्दळ गेली. आल्बुकर्कचं असंच एक मोठं रेल्वे हॉटेल, आल्वाराडो, १९७० मध्ये पाडून तिथे पार्किंग केलं. याचंही तेच व्हायचं होतं. १९९४ मध्ये रेल्वेने इमारत सोडायचं ठरवलं, गावातल्या लोकांनी फुकट राबून निदान बाग तरी जिवंत ठेवली, आणि १९९७ मध्ये ॲलन अफेल्ट आणि त्याची चित्रकार बायको टीना मायन यांनी ते विकत घेतलं आणि काही खोल्या सुरू करून उरलेलं हळूहळू दुरुस्त करत राहिले. तिची चित्रं भिंतींवर आहेत, अमेरिकन अध्यक्षांच्या बायकांची एक मालिकाच आहे, काही चित्रं बघून आई म्हणाली रात्री या बाजूने बाथरूमला जायला नको.

खोल्यांना इथे राहून गेलेल्या नामवंतांची नावं दिलीत. आमची खोली रुळांच्या बाजूची, मुद्दाम मागितलेली. आता इथे स्पष्ट सांगते, ही मेन लाइन आहे, मालगाड्या दिवसरात्र जातात. जुन्या जाड भिंती आहेत पण हादरा कळतोच. हलकी झोप असेल तर रूट ६६ च्या बाजूची खोली घ्या. आम्ही तिघं मात्र ढाराढूर झोपलो, मी तर कित्येक वर्षांत अशी झोपले नव्हते, चँडलरच्या शांत घरात मला एसीचा आवाजसुद्धा जागं करतो.

जेवण टर्क्वॉइज रूममध्ये, नाव सांता फेच्या सुपर चीफ गाडीतल्या खास डायनिंग रूमवरून घेतलंय. आम्ही घेतलं ते सूप लक्षात राहिलं, एकाच बाउलमध्ये अर्धं मक्याचं पिवळं आणि अर्धं काळ्या बीन्सचं, मधे सरळ रेघ, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. आईने चमचा बरोबर रेघेवरून फिरवून दोन्ही एकत्र केलं, म्हणे वरणभात कालवल्याशिवाय काय चव लागणार. शाकाहारी असाल तर प्रत्येक गोष्ट विचारून घ्या, तो भाग मांसमटणाचाच. दर हायवेच्या मोटेलपेक्षा बराच जास्त, पण मला खटकला नाही.

संध्याकाळी रुळांकडच्या हिरवळीवर बसलो. चार इंजिनांची एक मालगाडी आली, डब्यांवर डबे, कंटेनर दोन मजली. बाबा उभे राहून मोजत होते. मी म्हटलं दोन मजली कसे काय जातात, तर म्हणाले, "वर ओएचईची, विजेची वायर नाहीये ना." एकशे बारापर्यंत मोजले आणि शेवटचा डबा गेल्यावर एकदम चेहरा पडला. मागे ब्रेक व्हॅन, म्हणजे गार्डचा डबाच नाही! शेवटच्या डब्याच्या कपलिंगला एक छोटं यंत्र आणि लुकलुकणारा लाल दिवा, बस. "गार्ड कुठाय गं?" मी म्हटलं बाबा, यांच्याकडे आता हे यंत्रच गार्ड. जेवण होईपर्यंत त्यावर काही बोलले नाहीत.

पहाटे पूर्वेकडे जाणारी साउथवेस्ट चीफ येते. मी उठले तर बाबांची कॉट रिकामी, स्वेटर-मफलर घालून फलाटावर. गाडी थांबली, दोनचार लोक चढले, कंडक्टर दारात उभा राहिला. गाडी हलली तशी बाबांनी सवयीने हात आडवा केला, ऑल राइट. त्यानेही हात केला. मग आत येऊन मला म्हणाले, या गाडीला तरी माणूस आहे, आणि पुढच्या वेळी आपण गाडीनेच येऊ, कारने कशाला. फिनिक्सहून गाडी नाही हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.